पटपडगंजचे रण आणि गोल्फचे मैदान

गोल्फ हा खेळ आपल्या मराठी मंडळींत अजूनही साहेबी म्हणूनच ओळखला जातो. स्कॉटलंडातील माणसांनी तो बरोबर आणला, १८२९ साली कलकत्त्यास त्याचा क्लब निघाला, आणि पुढे जेथे छावणी पडली किंवा राजधानी वसली तेथे बहुधा ही विस्तीर्ण हिरवळही आली. जयपुरास ती आहेच. तटाबाहेरची रामबाग १९२५ साली सवाई मानसिंह दुसरे यांचे निवासस्थान झाली आणि १९५७ साली तिचे हॉटेल झाले. तिच्या शेजारीच गोल्फचे मैदान पसरलेले आहे. महाराजांचा जीव मात्र पोलोत. १९७० साली त्यांना मृत्यू आला तोही इंग्लंडातील पोलोच्या मैदानावरच.

बदलीवर आलेल्या आमच्यासारख्या कारकुनांनी हा खेळ कुंपणाबाहेरून पाहावा, हेच रास्त. परंतु आमच्या येथील मराठी मंडळात दोघे-तिघे अधिकारी हौशी खेळाडू आहेत, आणि दिल्लीच्या आसपासच्या मैदानांची एक सहल काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. बेत आखण्याचे काम अर्थातच कारकुनांकडे आले. पाहुणे म्हणून प्रवेश मिळावा यासाठी सभासदांची पत्रे, गाड्यांच्या वेळा, उतरण्याची सोय असे सारे टिपण करीत असता आमच्या ध्यानात आले की, खेळाडूंनी निवडलेल्या दोन मैदानांचा संबंध एकाच बादशहाशी आणि एकाच मराठी घराण्याशी पोहोचतो. तेव्हापासून आम्ही या सहलीत मनापासून भाग घेतला.

गुरगाव-मानेसरकडची नवी मैदाने जयपूरच्या रस्त्यावरच लागतात. त्यांतील एक तर जॅक निक्लॉससारख्या नामांकित खेळाडूने आखलेले आहे. खेळाडूंनी ती अवश्य पाहावीत. आमच्या कामाचे तेथे काही नाही.

दिल्ली गोल्फ क्लबाची गोष्ट निराळी. १९३० नंतरच्या दशकात नगरपालिकेचे मैदान म्हणून ते सुरू झाले. त्याच्या परिसरात मोगलकालीन कबरी विखुरलेल्या असून त्यांतील लाल दगडाची एक वास्तू लाल बंगला म्हणून प्रसिद्ध आहे. बादशहा शाह आलम याची आई लाल कुंवर आणि मुलगी बेगम जान यांच्या कबरी तेथे आहेत असे परंपरा सांगते. हाच तो शाह आलम, ज्याला १७७२ साली मराठ्यांनी दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले, ज्याने १७८४ साली महादजी शिंद्यांच्या हाती वकील-इ-मुतलकीचा अधिकार दिला, आणि ज्याचे डोळे १७८८ साली गुलाम कादिराने काढले. महादजींनी त्या नराधमास पकडून देहदंड दिला खरा, पण गेलेली दृष्टी काही परत आली नाही.

यमुना ओलांडून नोएडाच्या मैदानावर गेले म्हणजे या कथेचा शेवट भेटतो. तेथे हिरवळीच्या मध्येच एक दगडी स्तंभ उभा आहे. १९१६ साली उभारलेल्या या स्तंभाचे नाव जीतगढ. जीत कोणाची, हे सांगावयास नकोच. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती कंपूंचा पराभव केला. आपल्या इतिहासग्रंथांत ही लढाई पटपडगंजची म्हणून येते.

लढाईचा वृत्तान्त वाचताना मन खिन्न होते. दौलतराव दक्षिणेत होते. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला आणि सेनापती पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास निघून गेला. उरलेल्या फौजेचे नेतृत्व लुई बुर्किन या दुसऱ्या फ्रेंचाकडे आले. तरीही मोर्चा उत्तम होता: दोन्ही बाजूंस दलदल, आणि समोर उंच गवताआड दडविलेल्या तोफा. त्या दिवशी सुमारे अठरा मैल चालून आलेले इंग्रजी लष्कर तंबू ठोकीत होते. लेक घोडदळ घेऊन पुढे आला, तोफांच्या माऱ्यात त्याचा घोडा पडला. मग त्याने माघार घेतल्याचा बहाणा केला. शिंद्यांचे लोक विजय झाला असे समजून मोर्चा सोडून पुढे धावले. तोच मागे हटणारे घोडदळ मधून दुभंगले आणि पाठीमागची पायदळाची रांग संगिनी रोखून समोर आली. इंग्रजांकडील हताहत पाचशेच्या आत. शिंद्यांचे याच्या कितीतरी पट. पुष्कळजण पळता पळता यमुनेत बुडाले.

ते लोक मराठे होते काय, असा प्रश्न आमच्या मंडळात निघाला. बहुतेक शिपाई अवध आणि दोआबातले, अधिकारी परके. मग आपण का हळहळावे? आम्हांस हा हिशोब पटत नाही. जे शिंद्यांचे मीठ खाऊन तोफांपाशी पडले, ते शिंद्यांचेच. आणि ज्यांचा सेनापती आधीच शत्रूस मिळाला होता, त्यांच्या निष्ठेचे मोल कमी नव्हे, अधिकच धरावयास हवे. त्यांच्या नावाचा मात्र तेथे एक दगडही नाही. जीतगढ आज पाहावयास मिळतो तो तरी या मैदानामुळे, असे आम्हांस वाटते. एरवी भोवताली शहर इतके दाटले आहे की, रणभूमी कशी असेल याची कल्पना येण्याजोगी मोकळी जागा दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही.

१६ सप्टेंबरला लेक आंधळ्या शाह आलमास भेटला. २३ तारखेस असईला दौलतरावांचा पराभव झाला. आम्ही आज ज्या शहरात नोकरी करतो त्या जयपूरच्या दरबारानेही १२ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी तह केला. शिंद्यांच्या खंडणीला कंटाळलेल्या दरबारास यात दोष देता येत नाही. मात्र दोनच वर्षांनी इंग्रजांनी तो तह मोडीत काढला, हेही येथील लोकांस ठाऊक असावे.

आता तारखेचा वाद उरला. आमच्यापैकी काहींचा आग्रह ११ सप्टेंबरचा होता. खेळाडूंचे म्हणणे असे की, त्या दिवसांत दिल्लीचा उकाडा आणि चिखल दोन्ही सोसवत नाहीत. शेवटी ऑक्टोबरअखेरीस निघून १ नोव्हेंबरला अलवरवरून परतावे असे ठरले. १८०३ साली त्याच तारखेस अलवरजवळ लासवारीला दिल्लीहून निसटलेले लोक आणि दक्षिणेतून आलेल्या पलटणी लेकशी अखेरची झुंज लढल्या. त्यांच्या शौर्याची वाखाणणी खुद्द लेकने आपल्या पत्रात केली आहे. तेथे गोल्फचे मैदान नाही. खेळाडूंनी त्या दिवशी काठ्या गाडीतच ठेवावयाचे कबूल केले आहे, आणि अलवरहून पुढे जाण्यासाठी वाहनाची चौकशी आमच्याकडे सोपविली आहे.