आरीचा प्रवास : मोच्याच्या हातापासून भरतकामाच्या मशीनपर्यंत

हिवाळा लागला की नाशिकच्या बाजारात चामड्याची जाकिटे टांगलेली दिसू लागतात. एखाद्याच्या पाठीवर रेशमी दोऱ्याने भरलेला गरुड असतो, एखाद्याच्या छातीवर गुलाबाची वेल. तरुण मंडळी ‘फॉरिनची फॅशन’ म्हणून ती हौसेने घेतात आणि वडीलधारी माणसे त्याच कारणाने नाक मुरडतात. परंतु या कलेचा मागोवा घेत गेले तर ती परकी नसून, आपल्याच शेजारच्या मुलखातून निघून जगाची फेरी करून परत आलेली आहे असे दिसून येते. हा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

चामड्यावर भरतकाम करण्याची कल्पना फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने गुजरातचे वर्णन केले आहे. तेथे कमावलेली कातडी जहाजे भरभरून अरबस्तानात जात. तांबड्या व निळ्या चामड्याच्या बिछायतींवर पशुपक्षी काढून ते सोन्यारुप्याच्या तारेने भरले जात, असे तो सांगतो. पुढे काबूल-गझनीकडे मेंढीच्या कातड्याचे, रेशमाने कशिदा काढलेले ‘पोस्तीन’ नावाचे अंगरखे होत असत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या तरुणांनी जे ‘अफगाण कोट’ मिरविले, ते हेच पोस्तीन होत.

आता ‘आरी’ या शब्दाकडे वळू. मराठीत आरी म्हणजे चामड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार. भरतकाम करणाऱ्या कारागिराच्या हातातील बारीक आकड्याच्या सुईलाही आरीच म्हणतात. हा निव्वळ योगायोग नव्हे. कच्छमध्ये ही नाजूक कला मोची समाजाच्या हाती होती आणि तिला ‘मोची भरत’ असेच नाव आहे. सिंधमधील एका मुसलमान फकिराकडून ही विद्या आपल्याला मिळाली, असे तेथील मोची परंपरेने सांगत आले. चामडे शिवणारा हातच रेशमावर फुले काढू लागला.

या कामाची रीत अशी : कापड चौकटीवर ताणून बसवितात. आरी वरून खाली जाते, खालचा हात तिच्या आकड्यात दोरा अडकवितो, आणि आरी वर येताना दोऱ्याचा फास घेऊन येते. पुढचा फास पहिल्या फासातून निघतो. अशी साखळी तयार होते.

अठराव्या शतकात हेच तंत्र पूर्वेकडून युरोपात पोहोचले व फ्रान्समध्ये फार लोकप्रिय झाले. १७७० साली सेंट-ऑबिन या फ्रेंच नक्षीकाराने भरतकामावर ग्रंथ लिहिला, त्यात या आकड्याच्या कामाची माहिती दिली आहे. जी विद्या आपल्याकडे उस्तादाच्या हातून शागिर्दाच्या हातात जात होती, ती तेथे कागदावर उतरली.

बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या गरीब फ्रेंच शिंप्याने बायकांना आकड्याने भरतकाम करताना पाहिले आणि हीच हालचाल यंत्राकडून करून घेता येईल असे त्याच्या मनात आले. १८३० साली त्याने साखळी टाका घालणाऱ्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये अशा सुमारे ८० यंत्रांवर सैन्याचे गणवेष शिवले जाऊ लागले. आपली रोजी जाणार या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने त्या यंत्रांची मोडतोड केली. थिमोनिए १८५७ साली दारिद्र्यातच वारला. यंत्र मात्र थांबले नाही. १८६५ साली बोनाझ या फ्रेंच माणसाने खास भरतकामाचे मशीन बनविले व पॅरिसच्या कॉर्नेली कंपनीने ते जगभर नेले. त्यात वरच्या सुईला आकडा असतो आणि टेबलाखालची मूठ फिरवून कारागीर नक्षीला हवे तसे वळण देतो. हेच मशीन हिंदुस्थानात आले तेव्हा त्याला नाव मिळाले ‘आरी मशीन’! मुलगी परदेशी वाढून माहेरी परत यावी, तसे हे झाले.

या मशीनवर कापड भरणे सोपे, चामडे कठीण. कापडात सुई शिरली तर धागे बाजूला सरतात व पुन्हा जवळ येतात. चामड्याला पडलेले भोक कायमचे असते. टाका उसवला तरी खूण जात नाही. टाके दाट पडले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग होते आणि चामडे तेथूनच फाटते. म्हणून नक्षी विरळ ठेवावी लागते, टाका लांब घ्यावा लागतो. रिंगमध्ये आवळले तर वळ उठतो, म्हणून चामडे खाली आधाराच्या कापडावर चिकटवून घेतात. जाकिटाचे सुटे भाग आधी भरून मगच ते शिवतात व अस्तर लावतात. तात्पर्य, मशीन कितीही वेगवान असो, कातड्याची नस ओळखणारा माणूस त्यापाशी लागतोच.

आपल्या राज्यात या दोन्ही विद्या मुंबईच्या धारावीत शेजारी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिरुनेलवेलीकडील तमिळ मुसलमानांनी तेथे कातडी कमावण्याचा धंदा उभारला. पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधून जरीकाम करणारे कारागीर आले. टॅनऱ्या बहुतेक बाहेर गेल्या, परंतु चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय तेथे राहिला. या व्यवसायांत आपल्या समाजाचे हात असंख्य आहेत. नक्षी ठरविणारे किती, हा प्रश्न प्रत्येकाने मनाशी विचारावा.

कारण आता आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. संगणकावर चालणाऱ्या मशीनला अनेक डोकी असतात व एकच नक्षी ती सर्व एकाच वेळी भरतात. तिला मूठ फिरविणारा लागत नाही, परंतु टाका कोठे, किती लांब व कोणत्या दिशेने पडावा हे आधी संगणकावर मांडणारा लागतो. या कामाला धंद्यात ‘पंचिंग’ म्हणतात. त्याला चित्रकला हवी, भूमितीची समज हवी आणि संगणकाची ओळख हवी. म्हणजे त्याची तयारी शाळेतच होते.

आपल्या जिल्ह्याने असा बदल पूर्वी पाहिला आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग रोवला व १९३० च्या दशकापासून त्यांच्याच वंशजांनी यंत्रमाग स्वीकारला. त्यांनी यंत्र मोडले नाही, ते आपलेसे केले. म्हणून मालेगावचे नाव राहिले.

पालकांनो, मुलाच्या हातात कसब आहे म्हणून त्याला लवकर कामाला लावू नका. आणि शाळेत जातो म्हणून घरच्या कसबाची त्याला लाज वाटू देऊ नका. आरी आपल्या घरची होती. ती कागदावर उतरविली दुसऱ्यांनी, आणि यंत्राचे पेटंटही दुसऱ्यांच्याच नावे झाले. यापुढे आरी आणि लेखणी एकाच हातात असावी. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी जाकिटाच्या पाठीवरचा गरुड पाहाल, तेव्हा त्याची किंमत विचारण्याआधी त्याचा टाका पाहा. तो साखळीचा असेल, तर त्याचे मूळ कोठे आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.