उन्हाने की भाकरीने?

आर्णीत शिक्षकांच्या एका बैठकीत प्रजननाच्या धड्याविषयी चर्चा चालली होती. एप्रिल महिना होता, पंखा गरम हवाच फेकत होता. एक अनुभवी गुरुजी म्हणाले, "आपल्या विदर्भातलं ऊनच असं, म्हणून इथल्या मुली लवकर शहाण्या होतात." बऱ्याच माना डोलल्या. हे विधान आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. पण ते आले कोठून? आणि ते खरे आहे का?

ही समजूत बरीच जुनी आहे. १७४८ साली फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी लिहिले, की उष्ण देशांत मुली आठ-दहा वर्षांच्या वयातच विवाहयोग्य होतात. पुढे युरोपातील वैद्यकाच्या पुस्तकांतही हे गृहीत धरले गेले. त्याला आव्हान दिले ते मँचेस्टरचे शल्यवैद्य जॉन रॉबर्टन यांनी. १८४० च्या दशकात त्यांनी पत्रे पाठवून देशोदेशींची माहिती मागवली. हिंदुस्थानातील डॉक्टरांकडून, वेस्ट इंडीजमधून, इतकेच नव्हे तर लॅब्राडोरच्या बर्फात राहणाऱ्या एस्किमो स्त्रियांविषयी मिशनऱ्यांकडूनही. त्यांचा निष्कर्ष असा, की हवामानाचा प्रभाव लोक समजतात तेवढा मुळीच नाही. आकडे थोडे होते, वये आठवणीतून सांगितलेली होती. पण विधान तपासून पाहण्याची रीत योग्य होती.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिला नाही. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ पासून तो खटला गाजला. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संबंधामुळे दगावली. या पार्श्वभूमीवर १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. पहिली पाळी बाराव्या वर्षाआधी आली तर गर्भाधान संस्कार लगेच करायचा की कायदा पाळायचा, हा वादाचा एक गाभा होता. परकीय सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळकांनी विरोध केला. डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथांच्याच आधारे दाखवले, की हा संस्कार लांबणीवर टाकता येतो. म्हणजे मुलीच्या शरीरातील एका घटनेच्या वयावर मोठमोठे विद्वान भांडत होते. ते वय कशाने ठरते हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

उत्तर विसाव्या शतकात मिळत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उत्तर युरोपात पहिली पाळी सरासरी सोळाव्या-सतराव्या वर्षी येई. शंभर-सव्वाशे वर्षांत ते वय तेराच्या आसपास आले. तेवढ्या काळात तिथले ऊन काही वाढले नव्हते! बदलले होते ते अन्न, पाणी, आजारपण आणि मुलींच्या अंगावरचे कष्ट.

याचे कारण समजायला सोपे आहे. पाळी सुरू करण्याचा संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून निघतो. त्याआधी शरीरात पुरेशी शिधासामग्री आहे का, याची जणू चौकशी होते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली सापडले; शिल्लक किती आहे, ही खबर मेंदूला देणाऱ्यांपैकी ते एक आहे. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आई आणि मुलीची वये बहुधा जवळपास असतात. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतूनही हेच दिसते.

१९९१ साली प्रसिद्ध झालेला एक स्वीडिश अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. भारतातून दत्तक गेलेल्या १०७ मुलींना पाळी आली ती मध्यमान ११.६ व्या वर्षी. स्वीडनमधील मुलींचे वय तेरा होते. म्हणजे थंड देशात गेलेल्या मुलींना पाळी लवकर आली. आधीची उपासमार आणि नंतर झपाट्याने भरून निघालेली वाढ, हे त्याचे संभाव्य कारण. तेव्हा 'चांगले अन्न म्हणजे लवकर पाळी' एवढे सरळ गणितही नाही.

भारतात हे वय सावकाश, दर दशकाला साधारण एक महिना या गतीने खाली येत असल्याचे मोठ्या सर्वेक्षणांतून दिसते. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र १८९१ ची चूक आपण पुन्हा करता कामा नये. पहिली पाळी म्हणजे मातृत्वाची तयारी नव्हे. सुरुवातीच्या अनेक चक्रांत बीज सुटतच नाही आणि कटीची हाडे पुढेही काही वर्षे वाढत राहतात. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा आहे, ते यासाठीही योग्यच आहे. पण 'शहाणी झाली' म्हणताच शाळा सोडवून स्थळे पाहणारी घरे अजून आहेत.

त्या बैठकीत शेवटी गुरुजींनीच विचारले, "मग आम्ही काय करायचं?" ऊन आपल्या हातात नाही, शाळेतला पोषण आहार काही अंशी आहे. आणि एक गोष्ट तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. पुस्तकातला धडा येईपर्यंत वर्गातील बऱ्याच मुलींची पाळी सुरू झालेली असते. म्हणून पाचवीतच, घाबरण्याची वेळ येण्याआधी, त्यांना हे समजावून सांगावे. आणि मुलांनाही.