एक जून आणि अठ्ठावीस डिसेंबर

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९७०. आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांची जन्मतारीख हीच होती. कारण साधे होते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घ्यायचे तर मूल वयात बसायला हवे, आणि घरात तारीख कोणालाच ठाऊक नसायची. मग हेडमास्तर पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात कानाला पोचला की १ जून लिहून मोकळे! आजही महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांतून ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची जी गर्दी उसळते, ती या हेडमास्तरांची कृपा. मीही त्याच रांगेतला एक.

अम्मीला विचारले तर ती सांगायची, ‘‘दिवाली के दिये बुझे और रमजान का चाँद दिखा. उसी हफ्ते में तू हुआ.’’ पुढे बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा हौसेने जुनी पंचांगे काढून बसलो. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. दिवाळी मात्र अधिक महिन्याच्या आधाराने आपला ऋतू सोडत नाही. त्यामुळे दोघांची अशी गाठ साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी पडते. माझ्या जन्माच्या सुमारास ती पडली १९६९, १९७० आणि १९७१ अशी सलग तीन वर्षे. म्हणजे अम्मीचा पुरावा पक्का, पण तीन वर्षे रुंद! जून महिन्यात मी जन्मलो नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

ही गंमत मी कितीदा तरी मित्रांना सांगून हसवले आहे. पण २०११ साली एक दिवस तिच्यावर हसता येईना. माझी धाकटी मुलगी तेव्हा पाचवीत होती. मी स्वतः गावच्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकलो. ती शिकली शहरातल्या तरण तलावात. तिथल्या सरांनी एके दिवशी सांगितले, ‘‘हिला विभागीय स्पर्धेत उतरवू या. पन्नास मीटर फ्रीस्टाइल.’’ अर्ज आणला. नाव, शर्यत, आजवरची उत्तम वेळ आणि जन्मतारीख. सोबत जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स.

मुलीचा जन्म २८ डिसेंबर २००० चा. पहाटे किती वाजून किती मिनिटांनी, तेसुद्धा घरात लिहून ठेवलेले आहे. स्पर्धेत गट होते ते असे : दहा वर्षे व त्याखालील, अकरा-बारा, तेरा-चौदा आणि पंधरा ते सतरा. आणि वय मोजायचे ते स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. जलतरणाच्या जागतिक संघटनेचीही हीच पद्धत आहे. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी साडेदहा वर्षांची असलेली माझी मुलगी अकरा-बाराच्या गटात जाणार. तिथे दीड-पावणेदोन वर्षांनी मोठ्या, हातभर उंच मुली. चार दिवस उशिरा, १ जानेवारीला जन्मली असती, तर तीच मुलगी लहान गटात सगळ्यांत मोठी ठरली असती आणि पदकही कदाचित घेऊन आली असती.

एका परिचितांनी लगेच तोड सुचवली. ‘‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे. दाखला मी आणून देतो. कुणाचे काय जाते?’’ मी कां कू करू लागलो तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘आणि तुमची तरी तारीख कुठे खरी आहे?’’

याला उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही. खोटे कशाला बोलू, दोन दिवस मोहही झाला. मग इतिहासाच्या विद्यार्थ्याला जी एकच वाट माहीत असते ती धरली. मुळात मुलांचे हे वयाचे गट आले कोठून, ते शोधू लागलो.

असे कळले की, पूर्वी मूल तयार झाले की सरळ मोठ्यांच्या पाण्यात उतरायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या इंगे सोरेनसेन या मुलीने दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. आपल्या आरती साहा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत उतरल्या तेव्हा त्यांना बारावे वर्षही पुरे झालेले नव्हते. मुंबईच्या डॉली नाझीर त्यांच्यासोबत होत्या. अकरा वर्षांची ती कोलकात्याची मुलगी जगभरच्या प्रौढ स्त्रियांशेजारी उभी राहिली. पुढे याच आरतीने २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पार केली आणि तसे करणारी ती आशियातली पहिली स्त्री ठरली. पण अशी आरती एखादीच. तिच्याच वयाची किती मुले मोठ्यांच्या मागे राहून, हिरमुसून पाण्याबाहेर गेली असतील, त्यांची नोंद कोणत्याही इतिहासात नाही.

या हिरमुसल्या मुलांचा विचार नीट पद्धतशीरपणे झाला तो अमेरिकेत, १९५० च्या आगेमागे. सेंट लुईस शहरातले कार्ल बाऊर यांना वयोगट जलतरणाचे जनक म्हणतात. कल्पना अगदी सोपी होती. दहा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाशी पोहावे, अंतर त्याला झेपेल इतकेच असावे आणि दोन वर्षांनी त्याचा गट बदलावा. त्यातून मोठे पोहणारे तयार झाले. १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णपदके मिळवणारा मार्क स्पिट्झ हे या पद्धतीचेच फळ. दहाव्या वर्षीच त्याच्या नावावर वयोगटातले अनेक राष्ट्रीय विक्रम होते. हीच पद्धत पुढे जगभर पसरली आणि आपल्याकडेही सब-ज्युनिअर, ज्युनिअर अशा नावांनी रुजली. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी पोहला. दोन वर्षांनी ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक आणले. त्याआधीचे भारताचे आशियाई जलतरण पदक होते खजान सिंग यांचे, १९८६ च्या सोलमधले. मधे चोवीस वर्षे कोरडी गेली होती.

पण मुलांच्या पोहण्याच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी जलतरणातल्या तेरापैकी अकरा सुवर्णपदके जिंकली. जग थक्क झाले. बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा कळले की कोवळ्या वयातल्या कितीतरी मुलींना जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात होत्या आणि त्यांत पुरुषी संप्रेरके होती. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या क्रीडाप्रमुखांना दोषी ठरवले. त्या मुलींची शरीरे मात्र बिघडायची ती बिघडून गेली होती. चार दिवसांच्या तारखेची आणि या गोळ्यांची बरोबरी मी करणार नाही. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. खोटेपणा मोठ्यांचा असतो, आणि तो मुलाच्या अंगावर चढवला जातो.

आपल्याकडे याला ‘वयचोरी’ असा नेमका शब्द आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१० साली तिच्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज करतात. पण तो अंदाजच. हाडे वर्ष सुचवतात, चार दिवस सांगू शकत नाहीत. म्हणजे मी पकडला गेलोच नसतो. इथे सगळा कारभार शेवटी आईबापाच्या सहीवर उभा आहे.

मग माझ्या खोट्या तारखेचे काय? आमच्या हेडमास्तरांनी जे लिहिले, ते एका अडाणी घरातल्या पोराला शाळेच्या आत घेण्यासाठी. त्यांच्या त्या तारखेने कुणाला दाराबाहेर काढले नाही. पोहण्याच्या तलावात मात्र लेन मोजक्या असतात. अंतिम शर्यतीला आठ लेन असल्या, तर नववी मुलगी घरी जाते. माझी मुलगी चार दिवस चोरून आठवी झाली असती, तर ती नववी मुलगी कोण, हे मला कधी कळलेही नसते. ‘कुणाचे काय जाते’ या प्रश्नाचे उत्तर हे होते.

अर्थात हे सगळे मला सुचण्याआधीच घरात निकाल लागला होता. मी आणि बेगम बोलत असताना मुलगी दाराशी उभी होती. तिने एवढेच विचारले, ‘‘अब्बू, मग माझा वाढदिवस कधी करायचा?’’ मी अर्ज घेतला आणि २८ डिसेंबर लिहिले.

स्पर्धेत ती तिच्या हीटमध्ये सहावी आली. अंतिम फेरी मिळाली नाही. पाण्यातून वर आली तेव्हा डोळे लाल होते; ते पाण्याने की रडून, मी विचारले नाही. सरांनी स्टॉपवॉच तिच्यापुढे धरले. आधीच्या वेळेपेक्षा तीन सेकंद कमी. तिने तो आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘‘सर, पुढच्या वर्षी गट हाच ना?’’

गट तोच होता. पुढच्या वर्षी ती त्यातल्या थोरल्या मुलींत मोडत होती. वयाची रेघ कुठेही ओढली तरी तिच्या काठावर कोणीतरी उभे असणारच, आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला दर दुसऱ्या वर्षी थोडी कळ सोसावी लागते. अर्ज भरणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवावी. हरल्यावर सांगितली तर ती सबब वाटते.

माझ्या निवृत्तीचा दिवस ३१ मे आहे, आणि तो माझा नाही हे मला माहीत आहे. घरात एक तारीख तरी खरी आहे. २८ डिसेंबरला आम्ही खीर करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)