आग्नेयेकडच्या छत्र्या

मुलुंडहून घाटकोपरला आप्पांकडे जाताना मी गाडीत उजव्या हाताची खिडकी धरते. नाहूर मागे पडले की भांडुपच्या डोंगराचा उतार दिसू लागतो, आणि त्या उतारावर एकीच्या डोक्यावर दुसरी अशा चढत गेलेल्या चाळी. पावसाळाभर पत्र्यांवर अंथरलेली निळी प्लास्टिके दिवाळीच्या सुमारास निघालेली असतात. मग पत्र्यापत्र्यावर, कठड्यावर, गॅलरीच्या गजाला बांधलेल्या परातीएवढ्या छत्र्या उघड्या पडतात. डिश हा शब्द दुकानात. आमच्याकडे तिला छत्रीच म्हणतात. शेकडो छत्र्या, आणि साऱ्यांची तोंडे गाडीकडे! विक्रोळीच्या पार्कसाइटपर्यंत हाच देखावा. एकदा वर्गात मी मुलांना विचारले, या छत्र्या एकाच बाजूला का पाहतात? मागच्या बाकावरून उत्तर आले, "बाई, तिकडे मंत्रालय असेल." मंत्रालय त्या दिशेला नाही. तरी ते उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते, हे पुढे कळेल.

मी शास्त्राची शिक्षिका नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवते. या विषयातले जे थोडेफार समजले ते पत्र्यावर उभे राहून समजले. पृथ्वीच्या मध्यावरून जे विषुववृत्त जाते, त्याच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर अंतरावर एखादी वस्तू पृथ्वीच्याच दिशेने फिरत ठेवली तर ती पृथ्वीबरोबरच एक फेरा पुरा करते आणि खालून पाहणाऱ्याला आकाशात खिळून राहिल्यासारखी भासते. अशा तीन स्थानांवरून साऱ्या जगाला संदेश पोचविता येतील, हा विचार आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात मांडला. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता. आपल्या घरांत चित्रे पाठविणारे उपग्रह विषुववृत्तावर मुंबईच्या रेखांशापेक्षा पूर्वेला आहेत. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, उपग्रह पूर्वेला. म्हणून छत्री आग्नेयेला. कोणाचा उपग्रह ८३ अंशांवर, कोणाचा १०८ अंशांवर, त्याप्रमाणे एखादी छत्री किंचित दक्षिणेकडे कलते, एखादी पूर्वेकडे. सरकारी फुकट छत्रीचा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे. ती जवळजवळ नेमकी आग्नेयेला पाहते, आणि क्षितिजापासून ५७ अंश वर.

गंमत अशी की आपल्या देशात गावोगाव उभ्या राहिलेल्या पहिल्या छत्र्यांनी पश्चिमेकडे तोंड केले होते. १ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना दिला. तो आफ्रिकेच्या माथ्यावर, ३५ अंशांवर आणून ठेवला होता. सहा राज्यांतल्या वीस जिल्ह्यांमधील सुमारे २,४०० खेड्यांत दहा फूट व्यासाच्या छत्र्या उभारल्या गेल्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. तेव्हा सीमेपलीकडच्या खेड्यात देवळासमोर किंवा शाळेसमोर गाव जमून चित्र पाहत होते, आणि अलीकडच्या खेड्यात कंदील होता, असे झाले.

त्या छत्र्या कशाच्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या! लहरींची लांबी वीतभराहून अधिक असल्यामुळे जाळीच्या भोकांतून त्या निसटत नव्हत्या. लहरींच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्राच. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी, ज्यांचे प्रमुख यशपाल होते, हे साधेपण जाणूनबुजून स्वीकारले. मला विचाराल तर आपल्या विज्ञानाच्या इतिहासात अग्निबाणांच्या चित्रांइतकाच मान या कोंबडीजाळीला मिळावयास हवा. त्याच वर्षी कोलंबोला क्लार्क यांच्या घरीही आपल्या लोकांनी अशी एक छत्री बसवून दिली. ज्याने कल्पना केली त्याच्याच गच्चीवर ती कल्पना तीस वर्षांनी उतरली. ३१ जुलै १९७६ला प्रयोग संपला, उपग्रह परत गेला आणि त्या गावांतली पडद्यावरची चित्रे थांबली. उसन्या आभाळाची मुदत अशी असते.

मुंबईला तेव्हा छत्रीचे कारण नव्हते. २ ऑक्टोबर १९७२पासून वरळीचे दूरदर्शन होतेच. माशाच्या काट्यासारखी ॲंटेना लावली की झाले. आप्पांनी मात्र कितीतरी वर्षे नुसता रेडिओ ठेवला. रेडिओ ऐकण्यासही परवाना लागे आणि पोस्टात पैसे भरून त्याच्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. १८८५च्या तार कायद्याच्या छायेतली ही व्यवस्था. साहेबाने तारेसाठी केलेला तो कायदा पुढे रेडिओला लागला, दूरचित्रवाणीला लागला. ऐकणे हीदेखील परवानगीची बाब होती! परवाना १९८०नंतरच्या दशकात गेला, पण आप्पांनी ती पुस्तिका टाकली नाही. रेशनकार्डाच्या पिशवीत ती अजून आहे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना भटवाडीत पहिली मोठी छत्री आली. जानेवारी १९९१मध्ये इराकवर बाँब पडताना सीएनएनने ते जसेच्या तसे दाखविले आणि आपल्याकडे बड्या हॉटेलांतून लोकांनी ते पाहिले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. त्याचे कार्यक्रम ज्या एशियासॅट-१वरून येत त्या उपग्रहाची कुंडली मोठी विचित्र आहे. १९८४च्या फेब्रुवारीत वेस्टार-६ या नावाने तो सोडला गेला आणि भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरात 'डिस्कव्हरी' यानातल्या अंतराळवीरांनी त्याला हातांनी पकडून पृथ्वीवर परत आणले. डागडुजी होऊन, मालक बदलून, एप्रिल १९९०मध्ये चिनी अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. अशा पुनर्जन्म घेतलेल्या उपग्रहावरून २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही आला.

ती छत्री आमच्या चाळीची नव्हती. खाली रस्त्यालगतच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या जाळीची, दोन पुरुष आडवे झोपतील एवढी. ज्याने ती लावली तो आधी त्याच इमारतीत व्हिडिओवरून सिनेमे दाखवीत असे. ज्या रात्री तिची दिशा जुळवली ती मला आठवते. गच्चीवर दोघे जण छत्री रेटीत होते, तिसरा कठड्यावरून वाकून ओरडत होता, जिन्यात एक मुलगा, खाली घरात टीव्हीसमोर बायका. "आला! आला!... गेला!" हा पुकारा मजल्यामजल्याने वर-खाली होई. पडद्यावर मुंग्या, मुंग्यांतून एखादा गोरा चेहरा, पुन्हा मुंग्या. काही दिवसांनी त्या गच्चीतून काळी तार निघाली. ती पिंपळाच्या फांदीवरून, विजेच्या खांबाला विळखा घालून, गटारावरून आमच्या चाळीत आली. एका छत्रीखाली अशी सारी वाडी आली. सरकार बुचकळ्यात पडले. सार्वजनिक रस्त्यावरून तार ओढणाऱ्या या माणसाला म्हणावे काय? १९९४ला वटहुकूम आणि १९९५ला कायदा होऊन त्याला एकदाचे नाव मिळाले, नोंदणी पोस्टात करावयाची ठरली. त्याच फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाच्या तंट्यात निवाडा दिला की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आप्पांनी ही बातमी वाचून विचारले, "मग आपला वाटा कुठं आहे?"

वाटा इतक्यात मिळावयाचा नव्हता. अधिक सूक्ष्म लहरींचा, ज्याला केयू बँड म्हणतात तो पट्टा वापरला तर छत्री परातीएवढी पुरते, घरोघर लावता येते. परंतु जुलै १९९७मध्ये सरकारने अधिसूचना काढून अशा छत्रीवर बंदीच घातली. परदेशी मालकाचा आवाज मधल्या कोणाला न विचारता थेट माजघरात येईल, ही धास्ती. धास्ती सर्वस्वी खोटी नव्हती; पण जो आवाज तारेने येतच होता तो छत्रीने आल्यावर काय बिघडणार होते, हे मला आजही समजलेले नाही. नोव्हेंबर २०००मध्ये बंदी उठली, २००३ साली पहिली खाजगी सेवा सुरू झाली, आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची फुकट छत्री आली. एकदाच छत्री आणि डबा घ्या, महिन्याचे काही नाही. पुढे तिचे नाव फ्री डिश झाले.

आमच्या घरी ती आली ती दुसऱ्या एका सरकारी तारखेमुळे. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईतली जुन्या पद्धतीची केबल बंद झाली. नव्या डब्याचे आणि महिन्याचे पैसे ऐकून आप्पा म्हणाले, "बाय, आभाळातनं येतंय त्याचं भाडं कसलं?" मी लॅमिंग्टन रोडवरून साहित्य आणले. आप्पा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. पाने, ओळंबा, सगळे घरात होते. त्यांचे गुडघे मात्र पत्र्यावर चढण्याजोगे उरले नव्हते. तेव्हा पदर खोचून मीच चढले.

छत्री बसविण्यात कठीण काय असेल तर खांब. तो ओळंब्यात नसेल तर पुढचे सारे गणित वाकडे जाते. आप्पांनी खालूनच दोरी धरावयास लावून तो तीनदा सरळ करून घेतला. तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात तो रोवला, कारण नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर पहिल्याच वाऱ्याला पत्रा आणि छत्री दोन्ही जातील. दुसरी फसगत अशी की छत्री जिकडे पाहते असे वाटते तिकडे ती पाहत नसते. तिचा आकार बशीचा एक कड घेतल्यासारखा असतो. आपल्या डोळ्यांना वाटते त्याहून पुष्कळ वरचे ती टिपते. आणि तिसरी गोष्ट सबुरीची. जुन्या काळी मुंग्यांतून चेहरा उमटत असे, म्हणजे जवळ आलो हे कळे. आता एक तर सगळे चित्र, नाही तर काळा पडदा! डब्याला ओळख पटावयास दोन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात आपण पुढे सरकलेलो असतो. केसभर हलवावे, थांबावे, पुन्हा केसभर. दोन तास मी उन्हात होते. मग खालून आप्पांचा आवाज आला, "थांब! हात काढ! सह्याद्री आलं!" मी हात काढला आणि ते गेले. पुन्हा अर्धा तास.

त्यानंतर उपग्रह बदलले, जुना निवृत्त झाला, नवा आला. पण जागा तीच ९३.५ अंशांची राहिली, म्हणून छत्रीला कोणी हात लावला नाही. जोराचा पाऊस आला की चित्र जाई, कारण या सूक्ष्म लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. आप्पा त्याला "छत्री असून भिजलो" म्हणत.

गेल्या वर्षी चित्र पाऊस नसताना गेले. समोर वीस पावलांवरच्या जुन्या चाळी पाडून इमारत उठली. छत्री इतकी उंच पाहते की साधी इमारत तिच्या आड येत नाही. ही बावीस मजल्यांची होती. बाराव्या मजल्यापर्यंत चित्र होते, पुढच्या काही मजल्यांत केव्हातरी ते बंद पडले. दाद मागावी कोणाकडे? पाण्याचा, रस्त्याचा हक्क सांगता येतो. आभाळाच्या एका कोपऱ्याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा? आप्पा दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसू लागले. मोबाइलवर दाखवून पाहिले; त्यांना ते दिसत नाही आणि आवडतही नाही.

तेव्हा मला उन्हाचा उपाय आठवला. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या आरंभी, काही दिवस सूर्य थोडी मिनिटे उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो आणि त्याच्या तेजात चित्र लोपते. मुंबईत या छत्रीसाठी ऑक्टोबरातली ती वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. त्या क्षणी जिथे ऊन पडते तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली, तिथून नाही. इतके स्वस्त यंत्र दुसरे नाही. गांधीजयंतीची सुटी होती. अकराला मी आमच्या पत्र्यावर उभी राहिले. पत्र्यावर इमारतीची सावली. मग सावलीच्या कडेकडेने गल्ली चढत गेले. दोन गल्ल्या वर, साताऱ्याकडच्या एका मामींच्या पत्र्यावर लख्ख ऊन होते.

मामी म्हणाल्या, "लाव की गं, पत्रा काय माझ्या बापाचा?" छत्री तिथे नेली. तार मामींच्या पत्र्यावरून, शेवग्याच्या फांदीला बांधून, दोन गल्ल्यांवरून आमच्या घरात उतरवली. एवढ्या अंतरावर आप्पांचा आवाज पोचेना, म्हणून गल्लीतली पोरे टप्प्याटप्प्याने उभी केली. "आला! आला!... गेला!" असे वर-खाली होत राहिले. अखेर बराच वेळ नुसते "आला" एवढेच येत राहिले, तेव्हा मी पाना खाली ठेवला.

मामींनी चहा आणून दिला. छत्रीकडे पाहत विचारले, "आमच्या टीव्हीला हिच्यातनंच जोडता येईल का गं?"

पुढच्या रविवारी मी लॅमिंग्टन रोडवरून दोन तोंडांचा एलएनबी आणला.