विधी स्वयंसेवक प्रशिक्षण

वकील नसलेल्या, पण कायद्याची प्राथमिक जाण असलेल्या आणि गरजू माणसाला विधी सेवा यंत्रणेपर्यंत नेऊन पोचवणाऱ्या व्यक्तीस दिले जाणारे शिक्षण. भारतात अशा व्यक्तीला विधी स्वयंसेवक म्हणतात. कोर्टाच्या आवारात आणि पोलीस ठाण्यात ‘पीएलव्ही’ (पॅरालीगल व्हॉलंटियर) हे नाव रूढ आहे. अमेरिकेतला पॅरालीगल प्रामुख्याने वकिलाच्या हाताखाली काम करणारा पगारी सहायक असतो. भारतीय विधी स्वयंसेवक पक्षकाराच्या वस्तीतलाच माणूस असावा, अशी अपेक्षा असते.

या कामाचा घटनात्मक आधार म्हणजे 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 39-क. त्यानुसार झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा असला, तरी तो 9 नोव्हेंबर 1995 रोजी अंमलात आला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने (नालसा) 2009 मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. निवड आणि प्रशिक्षण मुख्यतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून होते. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात; तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते.

निवडीसाठी पदवीची अट नाही. साधारण दहावीपर्यंतचे शिक्षण आणि समजून घेण्याची कुवत पुरते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी यांना प्राधान्याने घेतले जाते. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या, चांगल्या वर्तणुकीच्या सुशिक्षित कैद्यांचाही योजनेत समावेश आहे, आणि ही तिची सर्वांत दूरदृष्टीची तरतूद म्हणावी लागेल. बराकीतल्या कच्च्या कैद्याशी रात्रंदिवस बोलू शकणारा तोच एक असतो.

अभ्यासक्रमात राज्यघटनेची तोंडओळख, कौटुंबिक कायदा, मालमत्ता, फौजदारी प्रक्रिया, कामगार, स्त्रिया, मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठीचे कायदे आणि शासकीय योजना असे विषय असतात. शिकवायला न्यायाधीश, वकील, पोलीस आणि महसूल अधिकारी येतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने फौजदारी भाग नव्याने शिकवावा लागला. कलमांचे आकडे पाठ असण्यापेक्षा पुढची पायरी ठाऊक असणे महत्त्वाचे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, हे स्वयंसेवकाला बोटावर सांगता आले पाहिजे. नोंदवलेल्या प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, हेही.

प्रशिक्षणाचा गाभा अर्जलेखन हा आहे, आणि त्याला व्याख्यानांपेक्षा जास्त तास मिळायला हवेत. चांगला अर्ज पानभराचा असतो: घटना तारखेच्या क्रमाने, माणसांची पूर्ण नावे, काय हवे ते शेवटी एका वाक्यात, सोबतच्या कागदांची यादी. तो दोन प्रतींत लिहायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही. पोच नसलेला अर्ज पुढे कुणालाच दाखवता येत नाही. मोफत वकिलाच्या अर्जाचीही अशीच एक खूण आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची मर्यादा लागू नाही. तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणारी बाई भेटते. तिला तिथेच थांबवणे, हे स्वयंसेवकाचे काम.

ग्रामीण महाराष्ट्रात महसुली कागद वाचता येणे तितकेच निकडीचे आहे. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना, फेरफाराचा क्रमांक आणि वारस नोंद समजली, तर बापाच्या मागे बहिणींची नावे लागली की नाहीत हे कळते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी हे तिच्या कानावर घालणारे माणूस गावात असावे लागते. गोव्यात हाच पाठ बदलतो. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा असल्याने पती-पत्नीची समाईक मालमत्ता आणि वारसांची इन्व्हेंटरी (मिळकतीची यादी करून वाटणी ठरवण्याची प्रक्रिया) हे विषय समजून घ्यावे लागतात.

वर्गाबाहेर न्यायालय, लोक अदालत, पोलीस ठाणे, तुरुंग यांना भेटी असतात. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते. म्हणून तडजोडीवर अंगठा उठवण्याआधी पक्षकाराला मजकूर वाचून दाखवावा. तुरुंगात कच्च्या कैद्याच्या अटकेची तारीख आणि कलमे टिपायची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला असेल, तर तो सुटकेस पात्र होऊ शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळलेले आहेत.

मर्यादाही शिकवल्या जातात. विधी स्वयंसेवक न्यायालयात युक्तिवाद करू शकत नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने तो अधिकार सनदधारक वकिलालाच दिला आहे. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, राजकीय पक्षाचे काम करायचे नाही, कानावर आलेले घरगुती दुःख बाहेर बोलायचे नाही. नेमणूक ठरावीक मुदतीची असून ओळखपत्र मिळते. मोबदला म्हणजे काम केलेल्या दिवसापुरते मानधन. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईकडून इतक्या जबाबदारीची अपेक्षा ठेवायची, तर मानधन त्या दिवसाच्या रोजापेक्षा कमी असता कामा नये.

‘बचपन बचाओ आंदोलन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक नेमण्याचे निर्देश दिले. त्यामुळे बालकांविषयीचे कायदे प्रशिक्षणात अधिक महत्त्वाचे झाले. पगारी वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बारावीनंतरची पॅरालीगल पदविका आखली. कायद्याचे विद्यार्थी मात्र वकिलीची सनद घेईपर्यंतच विधी स्वयंसेवक राहू शकतात. सनदेनंतर विधी सेवेचे काम करायचे असल्यास प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.