ब्रश कटर, पॉवर वीडरसाठी इंजिन ऑइल कोणतं आणि किती? टू स्ट्रोक–फोर स्ट्रोकची सोपी माहिती

पावसाळा सरत आला की आंबा-काजूच्या बागांतलं गवत काढायला ब्रश कटर बाहेर निघतात. पहिल्याच दिवशी इंजिन जाम झालं तर मजूर बसून राहतात आणि ब्लॉक-पिस्टनचा खर्च वेगळाच. असं होण्यामागे बऱ्याचदा कारण एकच असतं: ऑइल घातलंच नाही, चुकीचं घातलं किंवा चुकीच्या जागी घातलं. हे टाळायला काय बघायचं ते समजून घेऊया.

सगळ्यात आधी: ऑइल जातं कुठे?

दिसायला सारख्याच दोन ब्रश कटरमध्ये ऑइलची व्यवस्था पूर्ण वेगळी असू शकते.

टू स्ट्रोक: यात ऑइलसाठी वेगळी जागाच नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल क्रँककेसमधून जाताना बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि मग पेट्रोलबरोबर जळून जातं. टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंप आणि ऑइलच्या थेंबाचं चित्र असतं.

फोर स्ट्रोक: इंजिनाच्या खालच्या भागात ऑइल भरायचं वेगळं झाकण असतं. टाकीत फक्त साधं पेट्रोल. पॉवर वीडर आणि पाण्याचे पंप बहुतेक याच प्रकारचे असतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. स्टिल कंपनीचं ४-मिक्स इंजिन फोर स्ट्रोक असूनही मिश्रणावरच चालतं. म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या नावापेक्षा टाकीचं झाकण आणि माहितीपुस्तिका बघा.

टू स्ट्रोकसाठी कोणतं ऑइल?

बाटलीवर एपीआय टीसी किंवा जासो एफसी / एफडी लिहिलेलं टू-टी ऑइल घ्या. एफसी आणि एफडीचा धूर कमी असतो. एफडी जास्त तापमानातही इंजिन स्वच्छ ठेवतं. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल मात्र बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. हवेवर थंड होणाऱ्या ब्रश कटरला ते वापरू नका.

प्रमाण पुस्तिकेत दिलेलं असतं. ५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल.

- ५०:१ – १ लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली
- ४०:१ – १ लिटरला २५ मिली, ५ लिटरला १२५ मिली
- २५:१ – १ लिटरला ४० मिली, ५ लिटरला २०० मिली

काही कंपन्या स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि इतर टीसी ऑइलला २५:१ सांगतात. ऑइल बदललं तर प्रमाणही पुन्हा तपासा.

मिश्रण कसं करायचं?

१. वेगळ्या स्वच्छ कॅनमध्ये करा, मशीनच्या टाकीत कधीच नको.
२. आधी निम्मं पेट्रोल, मग मोजून ऑइल. हलवून घ्या आणि उरलेलं पेट्रोल घाला.
३. मोजायला मापाचा कप किंवा औषधाची सिरिंज वापरा. झाकणाचा अंदाज नको.
४. कॅनवर "मिश्रण" आणि प्रमाण लिहून ठेवा. साधं पेट्रोल वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये ठेवा.
५. टाकीत ओतण्याआधी कॅन हलवा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मगच भरा.

मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. त्यात ऑइल फारसं नसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

फोर स्ट्रोकसाठी कोणतं ऑइल?

बहुतेक छोट्या इंजिनांना १०डब्ल्यू-३० आणि एपीआय एसजे किंवा त्यापुढचा दर्जा चालतो. आपल्या हवेत एसएई ३० सुद्धा बऱ्याच कंपन्यांना मान्य आहे. ट्रॅक्टरचं उरलेलं घट्ट ऑइल घालू नका. छोट्या इंजिनात ऑइल उडून किंवा तुषार होऊन सगळीकडे पोचतं, घट्ट ऑइल सुरुवातीला नीट पोचत नाही.

या इंजिनात ऑइल फार थोडं असतं. उदाहरणार्थ होंडाच्या जीएक्स३५ मध्ये साधारण १०० मिली. त्यामुळे थोडं कमी झालं तरी फरक पडतो. रोज काम सुरू करण्याआधी, इंजिन थंड आणि मशीन सपाट जागेवर असताना पातळी बघा. जास्तही भरू नका, धूर येतो आणि एअर फिल्टर ऑइलने भिजतो.

याच इंजिनाचं ऑइल पहिल्यांदा १० तासांनी, मग दर ५० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदलायचं असतं. तुमच्या मशीनचा आकडा पुस्तिकेत बघा. काढलेलं ऑइल ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते साठवून गॅरेजला द्या.

नेहमीचे प्रश्न

*टू स्ट्रोकमध्ये चुकून साधं पेट्रोल भरलं तर?*
लगेच बंद करा, दोरी पुन्हा ओढू नका. टाकी रिकामी करून मिश्रण भरा. दोरी जड लागत असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा.

*फोर स्ट्रोकच्या टाकीत मिश्रण गेलं तर?*
धूर येईल, प्लग काळा पडेल. टाकी रिकामी करून साधं पेट्रोल भरा.

*पेट्रोलमध्ये बाइकचं फोर-टी ऑइल मिसळलं तर चालेल का?*
नाही. ते जळण्यासाठी बनवलेलं नसतं. त्याची राख पिस्टन आणि प्लगवर बसते.

*थोडं जास्त ऑइल घातलेलं चांगलं ना?*
नाही. प्लग आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो आणि मशीनची ताकद कमी होते.

*चेनसॉच्या साखळीला हेच ऑइल का?*
नाही. साखळीचं ऑइल वेगळं, चिकट असतं आणि त्याची टाकीही वेगळी असते. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल तिथे वापरू नका.