गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे

आज एक जुनी गोष्ट सांगते.

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंजचे पोलीस ठाणे. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी आणलेल्या एका अनाथ, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. वय चौदा ते सोळा.

सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने मान तुकवणे ही संमती नव्हे, असे म्हटले. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत म्हणून त्यांना निर्दोष ठरवले.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने 'संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे. पीडितेचे नाव छापायलाही बंदी आली. म्हणून तिचे नाव इथे नाही.

हे सारे मी पेपरात वाचले होते, हळहळलेही होते. पुढे कित्येक वर्षांनी वर्गातल्या एका मुलीच्या दंडावर वळ दिसले. विचारले, तर म्हणाली, "पडले, बाई." मी हजेरी पुढे चालू केली. काही दिवसांनी तिचे येणेच थांबले.

आता निवृत्तीनंतर शेलारच्या घरी बसल्यावर कळते, न्यायालयाला नावे ठेवणाऱ्या मीही तिच्या गप्प राहण्याचा सोयीचाच अर्थ लावला होता.